आंबिलीचा गुण

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा मी आंबील ओरपत होते. आदल्या दिवशी एका घरी महालक्ष्म्यांचं जेवून आले होते आणि त्यांनी डबा भरून सोबत दिली होती. संपादक म्हणाले, डॉक्टर, तुमच्या एवढ्या वर्षांच्या अनुभवातलं काहीतरी गंभीर, अंतर्मुख करणारं येऊ द्या. मी हो हो म्हटलं आणि दुसरी वाटी घेतली. आता लिहायला बसले तर त्या वाटीशिवाय दुसरं काही सुचत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते, हे सगळं एका बाईच्या पोटदुखीबद्दल आहे. दुखणं वाईट आहे, पण मी मध्येमध्ये हसणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी सरळ राशिभविष्याकडे वळावं.

मी बायकांची डॉक्टर. नंदनवन नावाच्या वस्तीत माझा दवाखाना आहे. पाटीवर स्त्रीरोगतज्ज्ञ असं झोकात लिहिलंय, पण ऑटोवाल्याला तो शब्द सांगून कोणी आजवर पोचलेलं नाही. ‘लेडीज डॉक्टर, हनुमान मंदिराच्या मागे’ म्हटलं की बरोब्बर आणून सोडतो.

आमच्या धंद्यात अर्धं निदान कानानं होतं, आणि घोळही नेमका तिथेच होतो, कारण पेशंट एकटी कधी येतच नाही. तिच्यासोबत कोणीतरी असतं आणि ते कोणीतरीच बोलतं. जरीपटक्याचे एक दुकानदार बायकोला घेऊन आले होते. खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाले, “डॉक्टरसाब, हमको हर महिने कमर में बहोत दर्द होता है.” मी विचारलं, आपको? म्हणाले, हां जी, हमको, मतलब इसको. ती बिचारी तोवर भिंतीवरचं लोहाच्या गोळ्यांचं पोस्टर वाचत बसली होती. तिला काही विचारलं की ती नवऱ्याकडे बघायची आणि नवरा पाठ केल्यासारखं उत्तर द्यायचा. पाळीची तारीखही त्यालाच ठाऊक होती. मानलं मी त्या माणसाला.

तर सोबतचं माणूस बाहेर काढणं ही आमची पहिली शस्त्रक्रिया. आमच्या शालू सिस्टर त्यात पारंगत आहेत. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की त्या आत येतात आणि सोबतच्या बाईला म्हणतात, काकू, तुमचा चेहरा फार उतरलेला दिसतो, चला, तुमचं वजन अन् बीपी करून देते, फुकट आहे. फुकटाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. आमच्याकडेही सीझन असतो. कापडवाल्यांचा लग्नसराईत येतो, आमचा आषाढात सुरू होतो. आमच्या भागात भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, वडे, कढी, वर टांगलेला फुलोरा, आणि या सगळ्याच्या जोडीला ज्वारीची आंबील. हा सगळा स्वयंपाक सोवळ्यातला. घरातल्या सुनेची पाळी नेमकी त्या दिवशी आली तर पुरण वाटायचं कोणी? म्हणून बायका आधीपासून ‘तारखेची गोळी’ घेतात, म्हणजे पाळी पुढे ढकलायची. दिवसभर दवाखान्यात तेच चालतं. शालू सिस्टरच्या घरी महालक्ष्म्या नाहीत, त्यांचा मोठा दिवस दसऱ्याचा, दीक्षाभूमीवरचा. त्या मला एकदा म्हणाल्या, मॅडम, आमच्या दिवसासाठी आजवर एकीनंही तारीख ढकलायला गोळी मागितली नाही.

गेल्या वर्षी अशाच ऐन आषाढात मयूरी आली. लकडगंजातलं लाकडाच्या व्यापाऱ्याचं घर, तिशीही न गाठलेली सून, आणि सोबत सासू सुशीलाबाई. सुशीलाबाई म्हणजे ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, आणि हातात दोरीनं झाकण बांधलेली स्टीलची बरणी. ती बरणी त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवरच ठेवली आणि हकिकत सुरू केली.

मयूरीचं पोट दुखायचं. पाळीत तर ती लोळायचीच, पण आता महिनाभर दुखायचं. ओटीपोटात, कमरेत, मांडीत. आधी ॲसिडिटीची औषधं झाली. मग अपेंडिक्स काढून झालं. अपेंडिक्स गेलं आणि दुखणं राहिलं. मग कमरेचा पट्टा झाला. सोनोग्राफ्या झाल्या, त्या नॉर्मल आल्या. मग एक जण म्हणाले मनाचं आहे, दुसरे म्हणाले मूल झालं की जाईल. मूल काही होत नव्हतं. ती शाळेत गणित शिकवायची, फळ्यापाशी उभं राहवेना म्हणून ती नोकरीही सुटली. शेवटी एका ठिकाणी सांगितलं, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे हा शब्द इतक्या सहज वापरतात की बाजाराची पिशवी वाटावी. ऑपरेशनची तारीख महालक्ष्म्यांनंतरची धरली होती, कारण आधी काढली तर स्वयंपाकाला कोण?

“माझीबी पिशवी चाळिशीच्या आत काढली मॅडम,” सुशीलाबाई म्हणाल्या. “काही बिघडलं नाही. अमरावतीची माझी लेक वर्षा, तेबी लहानपणापासून पोट धरून बसे. बाईच्या जातीले असतेच ते. पन हे पोरगी आयकूनच नाही राहिली, म्हणे अजून एका डॉक्टरले दाखवा.”

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शालू सिस्टर आल्या, सुशीलाबाईंचा चेहरा फार उतरलेला दिसला, आणि दोघी वजनकाट्याकडे गेल्या.

दार लागलं. मग मी ते प्रश्न विचारले जे तिला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. पाळीत संडासला बसताना दुखतं का? नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? तिनं मान खाली घालून दोन्हीला हो म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. नवरा, निखिल, चांगला आहे म्हणाली, बाहेर स्कूटरपाशी उभा आहे, पण त्याला वाटतं मला तो आवडत नाही. मी विचारलं, पिशवी काढायची तुझी इच्छा आहे का?

“मला नाही काढायची,” ती म्हणाली. “पण मला हे दुखणं पण नाही पाहिजे. दोन्हीपैकी एकच मिळते म्हणतात.”

आता जरा धडा. गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असतं. महिन्याच्या महिन्याला ते तयार होतं आणि उपयोग झाला नाही की गळून पडतं, तीच पाळी. काही जणींमध्ये तसलंच अस्तर भलत्या जागी रुजतं, अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर. तिथेही ते सुजतं, रक्ताळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसतं, गार झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. साध्या सोनोग्राफीत ते कितीदा दिसतच नाही. कागदावर ‘नॉर्मल’ येतं, आणि नॉर्मलचा कागद हातात असलेली बाई घरात नाटकी ठरते. याचा मला अजून राग येतो. केवढाल्या हुशार पोरी पोट धरून वर्षंच्या वर्षं बसून राहतात आणि त्यांच्या दुखण्याला नाव मिळत नाही.

मयूरीबद्दल मला संशय होताच. मी विचारलं, कधी बरं वाटतं का? ती पटकन म्हणाली, हो, भाद्रपदात. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, दरवर्षी महालक्ष्म्यांत मला काही होत नाही. पहाटेपासून उभी असते, पुरण वाटते, पंगती वाढते, आणि साधी कळ येत नाही. आई म्हणतात आंबिलीचा गुण आहे.

तेवढ्यात वजन करून आई आल्याच. विषय कानावर पडला आणि त्यांनी बरणीची दोरी सोडली. आत आंबील होती. त्यांचं म्हणणं असं की महालक्ष्मीचा प्रसाद पोटात गेला की दुखणं पळतं. दिवाळीपर्यंत गुण टिकतो, मग उतरतो. म्हणून त्या आता दर महिन्याला आंबील लावतात. ज्वारी भिजवायची, कांडायची, आंबवायची, शिजवायची, आणि सुनेला सकाळ-संध्याकाळ पाजायची. मयूरी मला डोळ्यांनी सांगत होती की तिला आता आंबिलीचा वाससुद्धा सहन होत नाही. मी विचारलं, या दर महिन्याच्या आंबिलीनं फरक पडतो का? सुशीलाबाई प्रामाणिक बाई. म्हणाल्या नाही पडत, ज्वारीत खोट असंन. मागच्या महिन्यात त्यांनी ज्वारीचा दुकानदार बदलला होता. त्याआधीच्या महिन्यात पातेलं.

मला हसू आवरेना. मी गंभीर तोंड करून विचारलं, आंबिलीशिवाय आणखी काही औषध चालू असतं का तेव्हा? एखादी गोळी? दोघी एका सुरात नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी त्यांना तपासण्या लिहून दिल्या, बरणीचं झाकण लागलं, दोघी उठल्या.

आमच्या धंद्यात खरी गोष्ट नेहमी दारात सांगितली जाते. खुर्चीत बसून हवापाण्याचं बोलतात आणि दाराची कडी धरून म्हणतात, अन् हो मॅडम. सुशीलाबाईंनी कडी धरली.

“अन् हो मॅडम, ते तारखेची गोळी लिहून द्या बाप्पा. यंदा दुकानवाला चिठ्ठी मागून राहिला. श्रावण लागायच्या आधीपासून लागते हिले, महालक्ष्म्या उठतपर्यंत. श्रावणात आमच्याकडे कडक असते ना.”

मी ताडकन उठले. इतकी की खुर्ची मागे जाऊन भिंतीला लागली. म्हटलं, गोळी नाही म्हणालात ना मघाशी? त्या मलाच वेड्यात काढल्यासारखं बघायला लागल्या. म्हणाल्या, ते कुठे औषध आहे, ते तर पूजेचं सामान आहे. कापूर, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि तारखेची गोळी, सगळं एकदमच आणतात त्या. देवाच्या फळीवर ठेवतात. औषधाच्या डब्यात ती गोळी आजवर गेलीच नव्हती, मग औषध म्हणून आठवणार कशी?

मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. शालू सिस्टर धावत आल्या, मी त्यांना हातानंच सांगितलं की काही नाही झालं. सुशीलाबाई रागावल्या. मग मी डोळे पुसून त्यांना सांगितलं की पाळी ढकलायची गोळी ज्या जातीची आहे, त्याच जातीचं औषध या आजारात देतात. ती अस्तराला झोपवते. आतलं भलत्या जागचं अस्तरही झोपतं, म्हणून दुखणं थांबतं. तुम्ही दरवर्षी श्रावणापासून महालक्ष्म्यांपर्यंत, नकळत, सुनेवर अर्धामुर्धा उपचार करत होतात. आणि गुण आंबिलीच्या नावावर लावत होतात. नुसत्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे निदान पक्कं झालं असं होत नाही. पण माझ्या संशयाला आता चांगलंच बळ आलं होतं. शिवाय हीही तंबी दिली की अशी गोळी मनानं महिनोन्‌महिने घ्यायची नसते, कोणीही.

सुशीलाबाई बरणी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, मंग एवढी ज्वारी वायाच गेली का?

पुढच्या तपासण्या नीट केल्या. हा आजार ओळखायची नजर असलेल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडून आतून सोनोग्राफी करून घेतली, मग एमआरआय केला. डाव्या अंडाशयात जुन्या रक्तानं भरलेली गाठ होती, गर्भाशय मागे आतड्याला चिकटलेलं होतं. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मयूरी हसायलाच लागली. हसतेय, रडतेय, पुन्हा हसतेय. नवऱ्याला म्हणाली, बघा, आहे, खरंच आहे, मी खोटं नव्हती बोलत. आजार सापडल्याच्या आनंदात पेढे वाटावेत की काय असं त्या दोघांचं तोंड झालं होतं. खरं तर त्यांनी वाटलेच. दवाखान्यात बसलेल्या बायकांना वाटलं हिला दिवस गेले. सगळ्या अभिनंदन करायला लागल्या आणि मयूरी प्रत्येकीला सांगायला लागली की नाही हो, मला एंडोमेट्रिओसिस आहे. एकीनं विचारलं, मुलगा की मुलगी? शालू सिस्टर आत येऊन पडद्यामागे हसून आल्या.

पिशवी काढायची तारीख रद्द केली. गर्भाशय काढलं आणि मागचा रोग तसाच ठेवला तर दुखणंही तसंच राहू शकतं, हे मी सगळ्यांना बसवून समजावलं. आधी औषध दिलं, रीतसर, देवाच्या फळीवर न ठेवता. मग दिवाळीनंतर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आतड्याचे सर्जनही सोबत होते, कारण चिकटलेलं सोडवायचं काम नाजूक असतं. गाठ काढली, रोग खरवडून नव्हे तर कापून मुळापासून काढला, गर्भाशय जागेवर ठेवलं. बाहेर येऊन सुशीलाबाईंना फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, एवढं सारं चिकटून होतं आत, अन् हे पोरगी पुरण वाटून राहिली होती. आणि मयूरी शुद्धीवर येईपर्यंत त्या खाटेजवळून हलल्या नाहीत.

हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, तसं मी मयूरीला सांगून ठेवलंय, औषध आणि तपासणी चालू आहे. पण ती फळ्यापाशी परत उभी राहते. नवी शाळा, आठवीचा वर्ग. भूमिती शिकवताना मुलांवर ओरडण्याइतका जोर पोटात आलाय असं तिनंच सांगितलं.

आणि यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला आमंत्रण आलं. मी गेले. फुलोरा काय, भाज्या काय, पदर खोचून वाढणारी मयूरी काय, मला नुसतं भरून येत होतं आणि पोळीवर तूप घेऊन मी ते दाबत होते. पंगत उठली, तशा सुशीलाबाई आंबिलीची वाटी घेऊन माझ्याजवळ खाली बसल्या. त्यांचा आवाज एरवी तीन घरं ऐकतील असा, आज तो मलाही नीट ऐकू येईना.

“मॅडम, एक विचारू? मीबी तरुणपणी दरसाल ते गोळी घेत होती. सासूबाई आणून देत. मलेबी भादव्यातच तेवढं बरं वाटे. म्हनूनच तर मी म्हनत होती, आंबिलीचा गुण आहे म्हनून.”

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली. इतके दिवस मी त्यांच्या आंबिलीला हसत होते, आणि ही बाई तिच्यावर एवढा विश्वास का ठेवते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारलं, पिशवी काढल्यावर दुखायचं थांबलं?

“नाही. चार-पाच वर्ष दुखत राहिलं. पन सांगू कोनाले? काढाले काही उरलंच नव्हतं.”

त्या कोणत्याही तक्रारीशिवाय बोलत होत्या, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशा. मी म्हटलं, आता खात्रीनं सांगता यायचं नाही सुशीलाबाई, पण बहुतेक तुम्हालाही हेच होतं. त्यांनी समोर उभ्या महालक्ष्म्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मला वाटलं रडायला आत जातात. त्यांनी खिडकीतला मोबाइल घेतला आणि अमरावतीला लावला.

“वर्षा, तुले अजूनबी दुखते का वं?” आता तीन घरं ऐकत होती. “हो का नाही ते सांग. आंबील-बिंबील राहू दे. कोणी पिशवी काढतो म्हणंन तर हातच लावू देऊ नको. गाडीत बस अन् इकडे ये.”

सगळं घर हातातलं सोडून उभं राहिलं होतं. मयूरी दारात वाढपाचं पातेलं घेऊन हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी सरळ आंबिलीत तोंड घातलं.

वर्षा आली, महालक्ष्म्या उठल्यावर लगेच. आईसारखीच उंच, पण आवाज अगदी बारीक. दोघी दवाखान्यात माझ्यासमोर बसल्या. मी वर्षाला विचारलं, कुठे दुखतं, कधी दुखतं? वर्षानं आईकडे पाहिलं. सुशीलाबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, हातसुद्धा वर केला. मी चष्म्याला हात घातला.

तेवढ्यात त्यांनी तोंड मिटलं. पदर सारखा केला आणि उठून स्वतःच दार उघडलं.

“सिस्टर,” त्या बाहेर बघून म्हणाल्या, “चाला, माझं वजन करून द्या.”